बंबात गेलेला दाखला

फिटलेल्या कर्जाचा कागद घरात ठेवायचा नाही, हा माझ्या सासूबाईंच्या माहेरचा, दुधनीचा रिवाज. कर्ज फिटलं की सगळे कागद बंबात घालायचे आणि त्या पाण्यानं घरातल्या प्रत्येकानं आंघोळ करायची. अंगावरचं उतरलं, असं त्या म्हणतात. माझ्या दोन शिलाई मशिनींचं कर्ज फिटलं तेव्हा पावत्या, हप्त्यांचं कार्ड आणि काही देणं उरलं नाही असा फायनान्स कंपनीनं दिलेला बेबाकीचा दाखला त्यांनी असाच बंबात सारला. मी शेजारीच उभी होते. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. हप्ते सगळे रोख भरलेले, कंपनीच्या काउंटरवर. त्यामुळे पासबुकातही त्याची काही खूण नव्हती.

मी घरी शाळेचे गणवेश शिवते. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात आम्ही तिघी: मी, माझी मुलगी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. कर्ज फिटल्यावर तीन वर्षांनी मुलीला पुण्याच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली. फीची शेवटची तारीख महिन्याभरावर होती. शिक्षणकर्जासाठी बँकेत गेले, तर तिथल्या मॅडमनी स्क्रीनच माझ्याकडे वळवली. माझ्या क्रेडिट रिपोर्टवर मशिनींचं कर्ज थकलेलं दिसत होतं. पै न् पै फेडलेलं कर्ज!

"बेबाकीचा दाखला आणा, मग बघू," मॅडम म्हणाल्या.

"जाळला."

त्यांनी चष्मा काढला. "जाळला? का?"

आता काय सांगणार, कप्पाळ!

बाई मात्र भल्या होत्या. त्यांनी एका चिठ्ठीवर सगळं लिहून दिलं. रिपोर्ट काढणाऱ्या कंपनीकडे या चुकीबद्दल तक्रार करायची, फायनान्स कंपनीलाही लेखी कळवायचं. तीस दिवसांत त्यांनी तपासून उत्तर द्यायचं असतं. जुना हिशोब त्यांच्याकडेही असतोच, तो त्यांच्याकडून मागायचा. चिठ्ठी हातात देताना त्या म्हणाल्या, "आणि वसुलीवाला आला तर घाबरून एक रुपयासुद्धा देऊ नका. दिलात तर 'तडजोड' असा शेरा पडतो. तो वर्षानुवर्षं जात नाही आणि तो असला की आमच्याकडे कर्ज मिळत नाही."

घरी आले ती फणफणतच. आत्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. "तुमच्या बंबानं पोरीचा घात केला," असं मी त्यांना तोंडावर सुनावलं. अजून बरंच काही बोलले. मॅडमनी शेवटी काय सांगितलं, तेवढं मात्र सांगायचं राहिलं. आत्या सूप तसंच ठेवून उठल्या.

मुलीनं मोबाईलवरून तक्रारी केल्या. चार दिवसांनी वसुलीवाल्याचा पहिला फोन आला, सकाळी साडेसहाला. मी कणीक मळत होते. तसाच पिठाच्या हातानं उचलला आणि म्हटलं, "आठच्या आधी फोन करायचा न्हाय, नियम हाय. कंपनीचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन ये, मग बोल." तो जरा चपापला. मग त्यानं मला काम देणाऱ्या दुकानदाराला फोन करून माझी अब्रू काढली. त्याचीही आम्ही तक्रार केली. तिसऱ्याला सांगत फिरायचा त्याला हक्क नाही, हे मुलीनं शोधून काढलं होतं. मला तर चेवच चढला. आयुष्यात पहिल्यांदा कायदा आपल्या बाजूनं आहे असं वाटत होतं. पंधराव्या दिवशी फायनान्स कंपनीचा मेल आला की जुनं रजिस्टर तपासत आहोत. मुलगी त्या दिवशी बॅग बघायला बाजारात जाऊन आली.

त्यानंतर दोनच दिवसांनी मी गणवेशांचे गठ्ठे द्यायला गेले होते. परत आले तर आत्या दारातच बसलेल्या. त्यांचा गळा मोकळा दिसला. माहेरची बोरमाळ नव्हती.

"मिटवलं बघ," त्या म्हणाल्या. "त्यो आलता. अर्ध्यात मानला की. म्हणला, लगेच भरलं तर पोरीचं काम हुतंय. जाळलं मी, मग भरायचं बी मीच." आणि पदराची गाठ सोडून त्यांनी पावती माझ्या हातावर ठेवली. "ही मात्र जपून ठेव."

पावतीवर लिहिलं होतं, 'तडजोडीने खाते बंद.'

मी मटकन खाली बसले. त्यांना वाटलं, आनंदानं. त्यांनी पाणी आणून दिलं.

पुढच्या आठवड्यात कंपनीचं उत्तर आलं. ग्राहकाने तडजोडीची रक्कम भरली असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे. बँकेतल्या मॅडमनी तो शेरा बघून अर्ज परत दिला. फीची तारीख गेली. मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला आहे, त्याला अजून उत्तर नाही. भांडायचं मी सोडणार नाही, पण ती जागा दुसऱ्या कुणाला गेली.

एका दुपारी आत्यांनी विचारलंच. "पैसं भरलं की. मग पोरगी अजून हितंच कशी?"

मी तोंडाळ बाई आहे, सगळ्या गल्लीला माहीत आहे. मशीन थांबवून मी तोंड उघडलं. तेवढ्यात काज करत बसलेली मुलगी वर न बघता म्हणाली, "मलाच नाही जायचं, आजी. तिथलं जेवण नाही सोसायचं मला."

मी तोंड मिटलं.

आत्यांनी ते खरं मानलं. तिला चांगलं फैलावर घेतलं. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगतात, "पोरगी लई लाडावलीया. बोरमाळ मोडली मी, तरी गेली न्हाय." मुलगी तिथंच बसलेली असते. ऐकून घेते आणि "व्हय की," म्हणते.