काकांचं कॉफीचं फडकं

चुलतसासऱ्यांची बारा वर्षांची कमाई मी एका सकाळी सोड्यात उकळली, साबणाने चोळली आणि वर नीळ देऊन कुंपणावर वाळत घातली, हे आधीच कबूल केलेलं बरं. कमाई म्हणजे त्यांचं कॉफी गाळायचं फडकं. लग्न होऊन आचऱ्याला आले त्याला जेमतेम आठवडा झाला होता. सातवी पास असल्यामुळे मला जगातलं सगळंच कळत होतं. चुलीमागच्या खुंटीवर मोज्यासारखं लोंबणारं ते काळंकुट्ट फडकं बघून मला सासरच्या माणसांची कीवच आली.

अख्ख्या किनाऱ्यावर काकांसारखी कॉफी कोणी करत नसे. खरं तर बाकीचे सगळे चहाच पीत. आगबोटीवर स्वयंपाकी म्हणून उमर घालवून ते परतले ते एक पत्र्याची पेटी आणि हे व्यसन घेऊन. सामान म्हणाल तर बिया भाजायला कड फुटलेलं खापर, कुटायला खलबत्ता, कल्हई उडालेलं एक पातेलं आणि बादलीच्या कडीच्या तारेत ओवलेलं ते फडकं. तोरा मात्र कप्तानाचा. बेळगावहून आलेल्या हिरव्या बिया भाजायला बसले की घरात कोणी कांदा चिरायचा नाही. पाणी खळखळू द्यायचं नाही. पातेल्याशी कान नेऊन बसायचे आणि पाणी कुजबुजायला लागलं की उतरवायचे. म्हणायचे, "बडबडूक लागलां की गेलां." मग फडक्यातल्या पुडीवर दोनच पळ्या पाणी घालून ती फुगेपर्यंत एकोणतिसाचा पाढा म्हणायचे, तोही मोठ्याने. मध्ये कोणी बोललं की पाढा पहिल्यापासून. एकदा सासूबाईंनी गाय सुटल्याचं सांगितलं, तर 'एकोणतीस दाहे'पर्यंत पोचेतो गाय शेजाऱ्यांच्या मिरच्या संपवून रवंथ करत होती.

तर माझ्या पांढऱ्याशुभ्र फडक्यातून काकांनी कॉफी गाळली. पहिल्या घोटाला थांबले. दाराआडून मी शाबासकीची वाट बघत होते. कपाकडे बघत ते म्हणाले, "बोटीर असताना एकदा समुद्राचां पाणी पियालंय. तां बरां होतां."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि मग मला कळलं, की बारा वर्षं रोज नुसत्या पाण्याने धुऊन, कॉफीत मुरून ते फडकं तयार झालेलं होतं. मी रडून घर डोक्यावर घेतलं. काका रागावले असते तर परवडलं असतं. त्यांनी चुलीपुढचा आपला पाट उचलून माझ्यासमोर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "जेणी धुतल्यान, तेणीच काळां करूचां."

नीळ काही सुटेना, म्हणून मी मांजरपाटाचा माझा कोरा परकर फाडून नवं फडकं शिवलं. कापड कुठलं हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही मेले तरी सांगितलं नसतं. रोज सकाळी मी पाण्याला कान लावायची, पाढा म्हणायची (माझा एकोणतीस सात्तेला हमखास चुकायचा, मग पडवीतून खाकरणं ऐकू यायचं) आणि कप पडवीच्या कडेला ठेवून दाराआड उभी राहायची. काका दोन घोट घेऊन उरलेली कॉफी अंगणातल्या माडाच्या मुळात ओतायचे. त्या वर्षी त्या माडाला झोप म्हणून लागली नसेल. मुंबईला नवऱ्याला खोली मिळण्याची मी वाट बघत होते, पण देवाकडे मागणं एकच होतं: जाण्याआधी एकदा तरी तो कप रिकामा येऊ दे.

गणपती गेले, दिवाळी गेली, शिमगा आला आणि एका सकाळी कप पालथा घातलेला सापडला. मी माडाचं मूळ जाऊन चाचपलं. कोरडं. काका समुद्राकडे तोंड करून बसले होते, जसं काही घडलंच नव्हतं.

आठच दिवसांत मुंबईहून पत्र आलं, खोली मिळाली होती. मी इतकी हरखले, की निघायच्या दिवशी कॉफी करताना पाढा गाळला तेही ध्यानात आलं नाही. मालवणच्या बोटीला पोचवणारी बैलगाडी दारात उभी होती. सगळ्यांच्या पाया पडून काकांपाशी आले, तर ते ओलं फडकं हातात धरून उजेडात निरखत होते. आशीर्वाद द्यायचं विसरूनच गेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "फडक्याक आत्ता खंय रंग येवक लागलो गो बाय, आणि तू चललंस."