पादुकांखालचे पत्र

"पोट तर गेलंच, आता डोकंही चाललंय," सराफ्यातल्या जिजी शेजारी बसलेल्या बाईंच्या कानाशी लागून म्हणाल्या. "चप्पल घालून गाभाऱ्यात गेले. एकाच पायात. मी माझ्या डोळ्यांनी देखलं."

"अगं बाई. मग?"

"मग काय, धाकट्या गुरुजींनी हात धरून बाहेर आणलं. तर हे विचारतात, कुठली चप्पल?"

मी खांबाआड बसून वाती वळत होते. ज्यांच्याबद्दल हे बोलणे चालले होते ते माझे वडील, अण्णा. खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या आमच्या लहानशा दत्तमंदिराचे पुजारी. जिजींनी सांगितले ते खरे होते, मीही ते पाहिले होते. त्यांना न दिसलेली एक गोष्ट मला दिसली होती. धाकट्या गुरुजींनी, म्हणजे माझ्या काकांनी, बोट दाखवल्यावर अण्णांनी खाली पाहिले, आणि डोळ्यांनी पाहिल्यावरच त्यांना कळले की आपल्या पायात काही आहे. पायाने त्यांना ते सांगितले नव्हते. याचा अर्थ मला लागला नाही, म्हणून मी कोणाला काही बोलले नाही. न लागलेल्या अर्थांचा माझ्याजवळ तेव्हा बराच साठा झाला होता.

तीन वर्षांपूर्वी अण्णांच्या पोटात गाठ निघाली होती. मुंबईला नेऊन एका मोठ्या सर्जनने त्यांचे सबंध जठर काढून टाकले आणि अन्ननलिका खाली आतड्याला जोडली. माणूस जठराशिवाय जगू शकतो हे आमच्या लष्कर भागात कोणी ऐकले नव्हते. अण्णा जगले. परत आले तेव्हा स्टेशनाजवळच्या पडावपासून मंदिरापर्यंत लोक टांग्यामागून चालत आले, आणि आईने दारातच त्यांच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. पुढे ते दिवसातून सहा वेळा मूठमूठभर खात. उपरण्याच्या गाठीला लाह्या बांधलेल्या असत. प्रसादाचा एक पेढा खाल्ला तरी त्यांना दरदरून घाम सुटे आणि छाती धडधडे, मग ते सभामंडपात जरा आडवे होत. पण पूजेत खंड नाही. देवाने राखले, असे सगळे म्हणत, आणि मलाही तसेच वाटे.

निघताना त्या सर्जनने त्यांच्या हाती एक बंद लिफाफा दिला होता. तिकडच्या डॉक्टरला दाखवा, असे तो म्हणाला होता. अण्णांनी तो दाखवला नाही. "ज्या हातांनी मला जगवलं त्या हातांचं अक्षर आहे," असे म्हणून त्यांनी तो दत्ताच्या पादुकांखाली ठेवला. रोज पादुकांबरोबर त्यालाही गंध-फूल मिळू लागले. लिफाफा उघडावा असे कोणाला सुचले नाही, कारण घरात इंग्रजी वाचणारे कोणी नव्हते. म्हणजे, मी होते.

माझे शिक्षण ही आमच्या घरातली जरा अवघड गोष्ट होती. मंदिराला आश्रय देणाऱ्या एका सरदार घराण्यातल्या बाईसाहेबांनी आपल्या नातीला सोबत म्हणून मला मिशनच्या शाळेत घातले होते. अण्णांना नाही म्हणवले नाही. शाळेतून आले की बाहेरच्या खोलीत कपडे बदलायचे, पाय धुवायचे, आणि तिथेच इंग्रजी ठेवून घरात यायचे, असा आईचा नियम होता. इंग्रजी ठेवून यायचे हे तिने कधी म्हटले नाही, पण मला तसेच समजले. मॅट्रिक झाल्यावर मी त्याच बाईसाहेबांच्या धाकट्या नातींना शिकवायला जाऊ लागले, तरी नियम तोच राहिला. पादुकांखालच्या लिफाफ्याचा कोपरा मला रोज दिसे. त्यावरचा इंग्रजी मजकूरही दिसे: जो कोणी वैद्य या रुग्णाला पाहील त्याच्यासाठी. मी तो वाचे आणि नजर वळवी. देवाखालच्या वस्तूला सोवळ्याशिवाय हात लावायचा नाही, आणि मला कोणी विचारलेही नव्हते.

तिसऱ्या वर्षी अण्णा बदलू लागले. आधी तिखट सोडले. जीभ भाजते म्हणत, आणि ती जीभ मला एकदा दिसली तेव्हा लालभडक, गुळगुळीत होती. मग ते आरतीच्या मधेच थांबू लागले. एकदा अभिषेकाआधीच नैवेद्य दाखवला. नंतर लहान मुलासारखे रडू लागले, आणि रडून झाल्यावर काकांवर आळ घेऊ लागले की हा देवाची वस्त्रे बदलतो, ही माझ्या दत्ताची वस्त्रे नव्हेत. आईला वाटले कोणाची तरी दृष्ट लागली. काकांना वाटले वय झाले, जरी अण्णा पन्नाशीचेच होते. मला सगळ्यात भीती वाटली ती एका संध्याकाळी, जेव्हा ते आपण होऊन मला म्हणाले, "जपाला बसतो, पण समोर कोणी नसतं गं. नुसता दगड दिसतो." हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितले. ज्या माणसाच्या श्रद्धेला टेकून आपण वाढलो, त्याची श्रद्धा अशी निघून जाताना पाहिली की आपल्या पायाखाली काही आहे की नाही हेच कळेनासे होते. शाळेतल्या बाई सांगत, आत्म्याला शरीराचे काही लागत नाही. मग अण्णांचे काय गेले होते?

चपलेच्या प्रकारानंतर काकांनी आईला स्पष्ट सांगितले. ते वाईट नव्हते, अण्णांच्या किती चुका त्यांनी निस्तरल्या होत्या. "वहिनी, दत्तजयंतीपर्यंत बघू. तोवर सुधारले तर ठीक, नाही तर पूजा मी कायमची घेतो. लोक बोलतात, मला बरं नाही लागत." आईने मान हलवली. पूजा गेली तर अण्णा मागे किती उरतील, हे दोघांनाही माहीत होते.

त्यानंतरच्या गुरुवारी मी शिकवणीवरून आले ती घरात न जाता मंदिराच्या बायकांच्या रांगेत उभी राहिले. का ते आजही सांगता येत नाही. बाहेरचे कपडे अंगावर होते, डोक्यावरून पदर घेतला होता. अण्णा गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसून पानाच्या पुड्यांतून साखरखोबरे देत होते. माझी पाळी आली. त्यांनी वर पाहिले आणि हसले. ते हसणे माझ्यासाठी नव्हते, ते कोणाही दर्शनाला आलेल्या माणसासाठी होते.

"बाई, कुठून आलात आपण? पहिल्यांदाच?"

मी पदर आणखी पुढे ओढला. "जवळूनच," मी म्हटले.

"मग येत जा. घाबरू नका." त्यांनी पानांसाठी हात घातला तर पाने संपली होती. इकडेतिकडे पाहिले, मग मागे वळून पादुकांखालून तो लिफाफा ओढला, फोडून त्यातला कागद काढला, त्यात साखरखोबरे आणि एक झेंडूचे फूल घालून नीट पुडी बांधली आणि माझ्या ओंजळीत ठेवली. "घरी गेल्यावर उघडा. वाटेत सांडेल."

मी बाहेरच्या खोलीत येऊन दार लावले आणि बराच वेळ पुडी हातात धरून रडले. त्यांनी मला ओळखले नाही म्हणून. मग उघडली. कागदावर कुंकू सांडलेले, साखर चिकटलेली, पण अक्षर स्पष्ट होते.

सर्जनने लिहिले होते की या माणसाचे जठर पूर्ण काढले आहे. रक्त टिकवणारे काहीतरी जठराच्या आवरणात तयार होते असे आम्हाला वाटते, ते आता याच्या शरीरात होणार नाही. साठा आहे तोवर हा ठीक दिसेल. दोन ते चार वर्षांत जीभ लाल आणि गुळगुळीत होईल, पायांची संवेदना जाईल. विस्मरण होईल, स्वभाव पालटेल, हा रडेल, संशय घेईल, जे प्रिय होते त्यातून त्याचे मन उडेल. याला वेड समजू नये. जनावराच्या यकृताच्या अर्काची इंजेक्शने सुरू करावीत आणि जन्मभर द्यावीत. शेवटी एक ओळ होती, ती मी तेव्हा घाईने वाचून सोडून दिली.

आईला कागद दाखवला तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "देवाखालचा कागद तू का काढलास?"

"मी नाही काढला. त्यांनी दिला."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग पदर खोचून, चपला घालून माझ्याबरोबर डॉक्टरांकडे निघाली. डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचले. "माँजी, तीन साल से यह चिट्ठी कहाँ थी?"

"देवापाशी होती," आई म्हणाली.

"तो भगवान ने पढ़ ली होगी। हमें भी पढ़वा देते।" ते हसले नाहीत. सुईबद्दल सांगून झाल्यावर आवाज उतरवून म्हणाले, "किस चीज़ की है, यह पुजारीजी को मत बताइए।"

आईने अण्णांना सांगितले, ताकदीची सुई आहे. रिकाम्या बाटल्या मीच टाकत असे, कारण त्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचे इंग्रजी मलाच वाचता येत होते. काका म्हणत, "सुईतून मंत्र परत येतात का गं, मॅट्रिक?" आठ-दहा दिवसांत अण्णांनी लिंबाचे लोणचे मागितले. महिन्याभरात रडणे थांबले. एका सकाळी ते काकांना म्हणाले, "मी तुला वस्त्रांवरून बोललो का रे? काहीतरी आठवतंय," आणि काका तोंड फिरवून घंटा पुसत राहिले. पाय मात्र पुरते सुधारले नाहीत. पुढच्या आठवड्यात जप झाल्यावर मी विचारले नसतानाच ते म्हणाले, "आहे गं. समोर आहे."

मला आनंद झाला आणि त्याहून जास्त गोंधळ. श्रद्धा रक्तात असते का? सुईने जी परत आली ती तीच, की दुसरी? या प्रश्नांची उत्तरे मला अजून मिळालेली नाहीत. त्या गुरुवारी अण्णांचे भान गेले होते म्हणून पत्र माझ्या हाती आले. भान असते तर पत्र पादुकांखालीच राहिले असते आणि अण्णा गेले असते. हा कोणाचा हात, मला सांगता येत नाही. मी फक्त घडले तसे लिहिते आहे.

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी अण्णा पादुका उचलून चौरंग पुसत होते. एकदम थांबले. "इथलं पत्र कुठं गेलं?"

आईने माझ्याकडे पाहून हलकेच मान हलवली, नको म्हणून. काका समया घासत होते तेही थांबले. मी बाहेरच्या खोलीत जाऊन पत्र घेऊन आले. कपडे बदललेले नव्हते, तशीच सभामंडपात उभी राहिले.

"काय लिहिलंय त्यात?" अण्णांनी विचारले. "मला सुई कशाची देतात तेही असेल. विचारलं की सगळे दुसरंच बोलतात. वाच. देवासमोरच वाच."

मी कधी चार माणसांत मोठ्याने बोलले नव्हते. इंग्रजी पाहून मराठीत सांगू लागले. यकृताशी अडखळले, मग तेही सांगितले. आईने तोंडावर पदर धरला. शेवटची ओळ आली तेव्हा मला पहिल्यांदा ती खरोखर वाचता आली. "रुग्णाला स्वतःला हा बदल कळणार नाही. घरातल्या कोणी वाचता येणाऱ्या माणसाने त्याच्यावर लक्ष ठेवावे."

अण्णा पादुकांकडे पाहत होते.

"किती दिवस घ्यायची?"

"जन्मभर," मी म्हटले.

त्यांनी पळी-पंचपात्र उचलून काकांसमोर ठेवले. "देवाला स्पर्श उद्यापासून तुझा. जनावराचं हे अंगात घेऊन मला गाभाऱ्यात जाता येणार नाही, आणि सुई सोडताही येणार नाही. तो जगवतो आहे तर त्याच्या रीतीनं जगू. मंत्र मी बाहेरून म्हणेन. तुला अर्धे येत नाहीत."

"अर्धे कुठले, पाव," काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

समर्पण म्हणजे जवळचे सगळे देवापुढे ठेवणे, असे मला वाटे. अण्णांनी पत्रही ठेवलेच होते. त्या सकाळी त्यांनी ठेवलेले ते पत्र वाचून घेतले, आणि ज्यासाठी तीन वर्षे जगले ते सोडले, इतक्या सहज की मला हात जोडण्यावाचून काही सुचले नाही. आजही सुचत नाही. दत्तापुढे उभी राहिले की मी काही मागत नाही. दिले ते आठवते.

मग ते माझ्याकडे वळले. "आठवतंय मला थोडंसं. एका गुरुवारी एक मुलगी आली होती दर्शनाला. फार भ्यालेली होती. तिला मी कशात तरी बांधून प्रसाद दिला. हेच का ते? तिनं तुझ्याकडे आणून दिलं?" ते जरा थांबले. "पुन्हा आली नाही बिचारी. भेटली तर सांग, तिचे फार उपकार झाले."

आई माझ्याकडे पाहत होती. पत्राची घडी माझ्या हातात ओली झाली होती.

"ती मीच होते, अण्णा," मी म्हणाले. "मला वाचता येत होतं, आणि तीन वर्षं मी ते मागितलं नाही."