दामूची लाल माती

दोन हजार अठरा साल. मी सदुसष्ट वर्षांचा होतो आणि जैनाबादच्या शेतातल्या बांधावरून दामू पाटलाशी माझा दावा चालू होता. तरी तहसीलला पेशी असली की आम्ही दोघं एकाच मोटारसायकलवर जायचो. चालवायचा तो. मागे बसणं मला आवडायचं नाही, पण गाडी त्याची. पूल ओलांडला की विचारायचा, "काय भो, आज जिंकतो का तू?" मी म्हणायचो, "तू पुढं बघ."

दामू आता नाही. मी चौथी शिकलेला. चुकेल तिथं चुकेल, पण खोटं लिहिणार नाही.

त्याला टेनिसचा नाद होता. नेपानगरच्या कागद कारखान्यात नोकरीला असताना साहेब लोकांचं बघून लागलेला. उन्हाळ्यात, केळीला पाण्याची मारामार असते तेव्हा, पॅरिसला लाल मातीवर मोठी स्पर्धा होते. त्यातली पुरुषांची एकेरी तो सोडायचा नाही. घरात दुसरं कोणी बघत नसे, म्हणून मला बोलवायचा. "तहसीलला तू दुश्मन, इथं पाहुणा," म्हणून पन्हं पुढं करायचा.

मला खेळ कळायचा नाही. एवढं कळलं, की चेंडू मातीवर ठसा सोडतो. आत की बाहेर असा वाद झाला की पंच उंच खुर्चीवरून उतरून ठसा बघतो. तेव्हा दामू पलंगावर उठून बसायचा. "उतर बाबा, उतर खाली! वरून काय दिसतं?" आणि माझ्याकडं वळून, "आपल्या बांधावर आला का कोणी असा?"

त्या वर्षी एक सामना फार अटीतटीला आला होता. एका पोरानं चेंडू बाहेर म्हणून हात वर केला. पंच उतरायला लागला. तेवढ्यात पोरगाच ठशापाशी गेला, वाकून बघितलं आणि बुटानं ठसा पुसून टाकला. म्हणजे चेंडू आत होता, गुण समोरच्याचा. पुढं तो हरला.

दामूनं टीव्हीचा आवाज बंद केला.

"शिवा, तो दगड माझ्या बापानं सरकवला होता."

"कोणता?"

"बांधाचा. जाताना मला सांगून गेला. तुझ्या शेतात दीड हात आत आहे."

"मग मला पेशीला काय हवा खायला नेत होता तू?"

"पोरांसमोर बापाला चोर कसं म्हणू, यार?" त्याचे डोळे भरले. "आता म्हटलं. तुझ्यासमोर."

मी पन्हं तसंच ठेवून घरी आलो. राग आला होता. दावा मी लढून जिंकणार होतो, आणि यानं तो असा हातात देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर गेलो, तर दामू पहारीनं दगड उकरत होता, घामानं निथळत. मी दुसरी बाजू धरली. अर्ध्यावर त्याला दम लागला.

"इथं ठेवू?"

"नाही. दीड हात म्हणजे दीड हात."

"माहीत होतं मला," तो हसला. "तू सोडणारा नाहीस."

नाही सोडलं. माझं होतं.

दगड बसला तशी त्याची केळीची एक ओळ माझ्या शेतात आली, घड भरलेले. त्यानं विळा उचलला, म्हणाला, "घे, तुझे."

"लावले तू, पाणी तू दिलं. मी कशाला घेऊ?"

"जमीन तुझी."

"घड तुझे."

ऊन चढेपर्यंत हेच. शेवटी मी त्याच्या हातातला विळा हिसकला, एकेक घड कापला आणि त्याच्या शेतात नेऊन ठेवला. तो शिव्या देत होता, मी कापत होतो.