लिंबोणीमागचं कळवण

“जागा ठेवा, म्याडम. ऊन येनार हाय.”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते ऐन थंडीत. नाशिकला इंदिरानगरातल्या आमच्या रो-हाउसला नवं लोखंडी फाटक बसत होतं आणि मी शाल गुंडाळून वेल्डरच्या डोक्यावर उभी होते. शेजारचे गृहस्थ आले, नमस्कार केला, फाटकाच्या दोन झडपांमधली फट करंगळीने चाचपली आणि वेल्डरला काही न म्हणता मला एवढंच ऐकवलं. मी आयटीआयमध्ये तीस वर्षं वायरमनचं काम शिकवलेली बाई. मला कोणी शिकवलेलं फारसं खपत नाही. मी फाटक अगदी चपखल बसवून घेतलं. एप्रिलात ते भर दुपारी उघडेना. आठ दिवस मी मागच्या दाराने ये-जा केली, पण त्यांना हाक मारली नाही. शेवटी तेच कानस घेऊन आले, दोन्ही कडा घासल्या आणि एक अक्षर न बोलता निघून गेले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आमच्या ओळीत सगळे त्यांना मुकादम म्हणत. रेल्वेत बत्तीस वर्षं काढली. आधी कीमन, म्हणजे लांब दांड्याचा हातोडा खांद्यावर टाकून रोज ठरलेला टप्पा पायी चालायचा आणि रूळ धरून ठेवणारी एकेक चावी ठोकून बघायची. पुढे गँगचे मुकादम झाले. त्यांच्या चालण्यावरून ओळखू यायचं. सरळ डांबरी रस्त्यावरसुद्धा ते रुळाखालच्या दोन स्लीपरांमधल्या अंतराएवढंच पाऊल टाकत, मान खाली घालून. समोरून शाळेची व्हॅन आली की पार गटाराच्या कडेला सरकत, तिच्याकडे तोंड करून उभे राहत आणि ती पूर्ण जाईपर्यंत हात वर धरत. व्हॅनमधली पोरंही मग त्यांना हात दाखवत. त्यांना वाटे, आजोबा टाटा करतायत. मुकादमांचा तो सिग्नल होता.

“जागा ठेवा” हे सगळीकडेच चाले. दिवाळीत चिवड्याचा डबा गच्च भरला तर म्हणत, “जागा ठेवा, खालचा चुरा व्हतो.” माझ्या भाचीच्या लग्नाची याद्यांवर याद्या चालल्या होत्या, तेव्हा म्हणाले, “दोघांच्या मधे थोडी जागा ठेवा, म्याडम. लय घट्ट बसवलं की वाकतं.” मी हसले. माझी भाची मात्र हसली नाही, तिने ते मनावर घेतलं असावं.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, कळवणच्या. माझ्याशी बोलताना त्या शक्य तेवढं मराठी बोलत, पण घाईत किंवा रागात सगळी अहिराणी बाहेर पडे. दोन वर्षांपूर्वी व्हरांड्याच्या पायरीवरून त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पट्टी बसली, तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं, आता चाला. वहिनी चालेनात. खिडकीजवळच्या कॉटवर बसून राहत. व्यायाम घ्यायला एक मुलगी येई, तिला चहा पाजून परत पाठवत. डॉक्टरांनी मुकादमांना बाजूला घेऊन सांगितलं की अजून दोन-तीन महिने अशाच बसून राहिल्या तर मग कायमच्याच बसतील.

त्या दिवशी मुकादमांनी माळ्यावरून एक खोकं काढलं. निवृत्तीच्या वेळी जावयाने परदेशातून आणून दिलेली आगगाडी होती, इंजिन आणि तीन डबे, चांगली हातभर लांबीची. रेल्वेवाल्याला रेल्वे! मुकादमांनी ती कधी उघडलीही नव्हती. “जन्मभर गाडी आली की बाजूला व्हायचं,” म्हणत, “आता घरात कुठं बाजूला व्हनार?”

खोक्यातले रूळ जेमतेम तुळशीभोवती फिरण्यापुरते. मुकादमांनी अंबडच्या एका कारखान्यातून पितळी पट्ट्यांचे तुकडे आणले, सागाच्या पट्टीचे बोटभर लांब स्लीपर कापले, खडी चाळणीने चाळून घेतली. त्यांच्या बागेत लाइन टाकायला सुरुवात झाली. ती वहिनींच्या खिडकीखालून निघे, जास्वंदीला वळसा घाले आणि लिंबोणीच्या मागे जाऊन परत येई. लिंबोणीमागे त्यांनी स्टेशन बांधलं, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं. त्यावर पिवळी पाटी लावली: कळवण.

कळवणला आजतागायत रेल्वे गेलेली नाही, हे नाशिकचं पोरही सांगेल. वहिनी खिडकीतून ओरडल्या, “कळवणले रेल्वे? काय बी सांगतस!” पण मान लांब करून बघत होत्या. कॉटवरून लिंबोणीच्या मागचं काही दिसत नसे. पाटी बघायची तर उठून व्हरांड्यात यायला हवं. हे मुकादमांनी मोजूनमापून केलं होतं, हे मला तेव्हाच समजलं. माणूस वाटतो तेवढा साधा नव्हता.

गाडी मात्र चालेना. पहिल्या पट्टीवरून झोकात निघाली, दुसरीवर चढली आणि मेली. मुकादमांनी मला बोलावलं. मी बघितलं आणि हसूच आवरेना. प्रत्येक दोन पट्ट्यांच्या मधे त्यांनी नाण्याच्या जाडीची फट ठेवली होती.

“मुकादम, इंजिनाला वीज रुळातून मिळते. तुमच्या फटीतून ती कशी जाणार?”

“गाडी जाती की फटीवरून.”

“गाडी जाते. वीज जात नाही. फटी बुजवा.”

“नाय बुजवायच्या. उन्हाळ्यात रूळ वाढतो. त्यानं जायचं कुठं?”

मीही हट्टाला पेटले. म्हटलं, तुमच्या मोठ्या रेल्वेतसुद्धा हल्ली रूळ जोडून टाकतात, मैलच्या मैल फट नसते. ते म्हणाले, “त्याला धरून ठेवायला तेवढी खडी अन् तेवढे वजनाचे स्लीपर असत्यात. ह्ये पितळ कोन धरनार? तुमी का मी?”

“अहो, खेळणं आहे हे!”

“रुळाला काय म्हाइत खेळणं हाय का काय.”

वादात हरले की मी जे करते तेच केलं. ते वहिनींना घेऊन तपासणीला गेले होते तेव्हा मी सोल्डरिंग आयर्न घेऊन त्यांच्या बागेत बसले आणि सगळ्या फटींत पितळेचे तुकडे घालून पक्कं सोल्डर मारलं. चार तास लागले, पाठ धरली. ते परत आले तेव्हा गाडी गोल गोल पळत होती. मुकादमांनी एकेक जोड बोटाने चाचपला, माझ्याकडे पाहिलं, काही बोलणारच होते. तेवढ्यात खिडकीतून वहिनींच्या टाळ्या ऐकू आल्या. कित्येक महिन्यांत त्या अशा खुदकन हसल्या नव्हत्या. मुकादमांनी तोंड मिटून घेतलं.

थंडीभर गाडी पळाली. वहिनी आधी खिडकीचा गज धरून उभ्या राहायला लागल्या, मग वॉकर घेऊन दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, एप्रिलात माझा वाढदिवस, त्या दिवशी व्हरांड्यात येऊन कळवण बघते. मी मनातल्या मनात त्याचं सगळं श्रेय स्वतःला देऊन टाकलं होतं.

वाढदिवसाला कडक ऊन होतं. वहिनी नवं लुगडं नेसून दारात उभ्या, एक हात वॉकरवर, एक चौकटीवर. मुकादमांनी बटण दाबलं. गाडी निघाली, जास्वंदीपर्यंत आली. तिथे रूळ सापासारखा वाकून खडीतून वर आला होता. इंजिन उचललं गेलं आणि तीन डब्यांसकट त्याच पायरीशी आडवं झालं, जिच्यावरून वहिनी पडल्या होत्या.

वहिनींनी वॉकर वळवला. “ती बी पडनी,” एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यानंतर त्या उभ्याच राहिनात. व्यायामवाल्या मुलीला चहासुद्धा मिळेना.

मी चार दिवस तिकडे फिरकले नाही. तोंड कुठे होतं? आयुष्यात मी वायरिंगच्या चुका पुष्कळ केल्या, पण कुणाचं चालणं बंद पाडलं नव्हतं. पाचव्या दिवशी मुकादम फाटकाशी आले, हातात करवतीचं पातं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते म्हणाले, “म्याडम, फटी परत पाडतो. पर वीज कशी न्यायची ते तुमीच सांगा. त्यातलं मला नाय कळत.”

मी रडले. खोटं कशाला सांगू? त्यांनी रुमाल पुढे केला, त्याला पितळेचा कीस लागलेला होता, म्हणून मी तो नाकाला न लावता तसाच परत दिला.

मग आम्ही दोघं बसलो. ते फटी पाडत, मी प्रत्येक फटीवरून तांब्याच्या वायरचा छोटा तुकडा रुळाला बाहेरून सोल्डर करत होते. मी वायर ताणून लावली की ते हळूच म्हणत, “तिलाबी जागा ठेवा.” मी निमूट ढिली कमान ठेवून लावायला लागले. चाळीसेक कमानी झाल्या. अशा वायरी मोठ्या लाइनवरही असतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते मला सगळं झाल्यावर सांगितलं!

मेच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी दीडला, आम्ही गाडी सोडायची ठरवली. याच वेळी का, विचारलं तर म्हणाले, “आता गेली तर कवाबी जाईल.” सकाळी त्यांनी छोट्या हातोडीने सगळे जोड ठोकून पाहिले, वाकून, एकेक पाऊल टाकत. वहिनी कॉटवर बसल्या होत्या, पाठ खिडकीकडे. पण समोरच्या कपाटाच्या आरशातून त्यांना बाग दिसत होती, हे मी पाहिलं.

गाडी निघाली. जास्वंद ओलांडली. लिंबोणीच्या मागे गेली आणि आवाज थांबला.

परत येईना. मी धावले, तर मुकादमांनी माझा दंडच धरला. इतक्या वर्षांत त्यांनी मला हात लावला नव्हता.

“थांबा. जागा ठेवा.”

आम्ही उन्हात उभे. आतून काहीच नाही. मग कॉट करकरली. मग वॉकरचा ठक. बराच वेळ थांबून दुसरा ठक. वहिनी दारात आल्या. “गाडी कोठे गयी?” त्या व्हरांड्यात आल्या. पायरीशी थांबल्या. मुकादम जागचे हलले नाहीत. वहिनींनी वॉकर खालच्या फरशीवर टेकवला, एक पाय उतरवला, दुसरा उतरवला आणि चालत लिंबोणीच्या मागे गेल्या.

“मुडदा बशिवला, लिंबू पडेल शे!” तिकडून आवाज आला. रुळावर लिंबू पडलं होतं. आणि मग, जरा वेळाने, “अगं बाई, खरंच कळवण.”

मुकादम खाली मातीतच बसले. मला इतकं हलकं वाटलं की मीही बसले. वहिनींनी इंजिनासमोरचं ते लिंबू उचलून मला दिलं. हिरवं होतं, देठाला एक पानही होतं. संध्याकाळी मी त्याचं सरबत केलं आणि तिघं प्यालो.

यंदा दिवाळीनंतर ते दोघं कळवणला राहायला गेले. वहिनींच्या भावाचं घर रिकामं होतं, मागे मळा. टेम्पोत सामान चढत होतं आणि मुकादम टेम्पोवाल्याला कुठे कुठे जागा ठेवायची ते सांगत होते. रुळाच्या प्रत्येक तुकड्यावर त्यांनी खडूने नंबर घातले होते. वहिनी आणि मी त्याच पायरीवर बसलो होतो.

“म्याडम, एक सांगू? ते लिंबू पडलं नव्हतं. यांनीच ठेवलं होतं.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“आरशात दिसलं ना. सकाळी ठोकत ठोकत गेले, झाडाचं लिंबू तोडलं, मागं गेले. आले तर हात रिकामे. या मानसानं बत्तीस वर्षं रुळावरची काडी उचलली. भर पावसात जाऊन उचलली. तापात उचलली. त्यानं सोताच्या हातानं गाडीपुढं लिंबू ठेवलं. मी म्हटलं, याला किती जड गेलं असंल. आते उठनंच पडी.”

“त्यांना सांगितलंत?”

“नई,” वहिनी म्हणाल्या, “सांगू बी नका.”

मुकादम हात झटकत आले. “चला,” म्हणाले. वहिनी वॉकर न घेता उठल्या. मुकादमांचा हात आपोआप पुढे आला, मग त्यांनी तो मागे घेतला आणि एक स्लीपरभर अंतर ठेवून त्यांच्या शेजारून चालत गेले.

पाटी त्यांनी मुद्दाम इथेच ठेवली. कळवणात कळवणची पाटी कशाला, म्हणाले. घराची किल्ली माझ्याकडे आहे, झाडांना पाणी घालायला मी जाते. लिंबोणीखाली कधी लिंबू पडलेलं दिसलं की उचलते. आधी देठाला पान आहे का बघते.