चुलीवरचं ग्राफिक्स कार्ड

आमच्याकडे पावसाळ्यात जी वस्तू जपायची ती चुलीवर जाते. चुलीच्या वर छताला टांगलेली बांबूची ताटी असते. बियाणं, सुकी मासळी, घोंगड्या, काडेपेट्या, माझी दहावीची पुस्तकं, सगळं चार महिने त्या ताटीवर धुरात राहायचं. ताम्हिणीच्या अलीकडचं आमचं गाव. तिथं श्रावणात भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. ताटीवर गेलं ते टिकतं, खाली राहिलं त्याला बुरशी खाते. हे कुणी शिकवावं लागत नाही.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात मी त्या ताटीवर माझा कॉम्प्युटर ठेवला.

मी अडाणी नव्हतो, हे आधी सांगतो. घरातला पहिला पदवीधर मी. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, सेकंड क्लास. वडील आणि चुलते मेंढरं-शेरडं राखायचे, आई भातलावणीला मजुरीनं जायची. पदवी घेतली त्या वर्षी उरवड्याला प्लास्टिकच्या कारखान्यात स्टोअरमध्ये लागलो. कारखान्यानं ऑफिसातले जुने कॉम्प्युटर विकायला काढले तेव्हा त्यातला एक मी घेतला. लोकांना सांगितलं, अभ्यासाला. घेतला होता खेळायला.

कॉलेजात माझ्या लॅबच्या टेबलावर लातूरकडचा एक मित्र होता. प्रॅक्टिकल संपलं की आम्ही जवळच्या सायबर कॅफेत जाऊन बंदुकांचा गेम खेळायचो, पाच विरुद्ध पाच. अख्ख्या कॉलेजात माझ्यासारखा कुणी नव्हता. ही बढाई नाही, तेव्हाच्या कुणालाही विचारा. लहानपणापासून दीडशे मेंढरांच्या कळपावर नजर ठेवलेली. कोपऱ्यात एक जनावर सरकलं तरी मला कळायचं. त्या पडद्यावरही तसंच कळायचं. इंग्रजीत अडखळणारा, एसटीनं ये-जा करणारा मी तिथं गेलो की शहरातली पोरं खुर्ची सोडून उठायची आणि म्हणायची, "बस, तू आमच्याकडून."

पुढे मित्रानं एमसीए केलं, आयटीत लागला आणि भूगावात आणखी तिघांबरोबर फ्लॅट घेऊन राहू लागला. चौघांनी नवे कॉम्प्युटर घेतले, नवा गेम टाकला. मी अधूनमधून जायचो आणि मागं उभा राहून बघायचो. मे महिन्यात त्याचा फोन आला.

"लेका, समोरच्या बिल्डिंगवाल्यांशी मॅच लावलीय. ऑगस्टमध्ये. आम्हाला पाचवा पाहिजे. तूच ये."

"माझ्या डबड्यावर तो गेम चालतोय का?"

"नाही चालणार. रॅम टाक, ग्राफिक्स कार्ड टाक. थोडक्यात होतंय. जमलं तर दर रविवारी तूच आमचा पाचवा, कायमचा."

थोडक्यात. मोटरसायकलसाठी बाजूला काढलेल्या पैशांतले चार हजार घेऊन मी बुधवार पेठेतल्या एका बोळात जुन्या मालाच्या दुकानात गेलो. दुकानदार वेल्ह्याकडचा, वयानं माझ्यापेक्षा बराच मोठा. त्यानं माझा मदरबोर्ड बघितला आणि खरं तेच सांगितलं. "तुमची कार्डाची खाच जुन्या जातीची. असली कार्डं आता बनत न्हाईत. त्यामुळं जुनं कार्ड नव्यापेक्षा महाग पडतंय." म्हणजे ज्याच्याकडे सगळं नवं घ्यायला पैसे आहेत त्याला स्वस्त, आणि ज्याला जुन्यात भर घालायची त्याला महाग. मी घासाघीस केली नाही. तीन कार्डं लावून दाखवून त्यानं त्यातलं बरं निवडून दिलं. "पंखा चांगला हाय. धूळ तेवढी सांभाळा," म्हणाला.

रॅम आणि कार्ड घातलं, गेम सुरू झाला. चित्र जरा अडखळायचं, पण सुरू झाला. जूनमध्ये आठ दिवस मी उड्या मारत होतो. मग पाऊस लागून राहिला आणि एका संध्याकाळी बटण दाबलं तर पडदा काळाच. आतून नुसता पीं पीं आवाज.

आईनं चुलीपुढून विचारलं, "काय झालं रं त्याला?"

"दमटपणा गेलाय आत."

"गारठलंय व्हय? मंग ताटीवर ठीव की."

"आई, यंत्र हाय ते."

"आन् तुज्या आज्ज्याचा रेडू काय बैल व्हता? चार पावसाळं ताटीवरच व्हता. वाजला का न्हाई?"

वडील हसले. म्हणाले, "त्यो शिकल्याला हाय, त्याला इचारून ठीव."

मी विचार केला, आणि शिकलेल्या माणसासारखाच केला. उष्णतेनं बाष्प निघून जाईल, बरोबर आहे. बाजूचं झाकण काढलं, जाळाच्या थेट वर न ठेवता ताटीच्या कडेला डबा ठेवला. दुसऱ्या संध्याकाळी उतरवला, बटण दाबलं. चालू. आई नुसती "हं" म्हणाली. कामावर गेल्यावर मी स्टोअरमधल्यांना हे सांगितलं, आणि युक्ती माझी म्हणून सांगितली. तेव्हापासून रोज कामावर जाताना डबा ताटीवर आणि आल्यावर खाली. जून, जुलै, निम्मा ऑगस्ट. लाकडाच्या धुरात काय काय असतं हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण घरची चूल आणि ते उत्तर यांचा काही संबंध असेल, हे एवढ्या दिवसांत माझ्या डोक्यात आलं नाही.

मॅच रविवारी सकाळी अकराला होती. डबा आणि मॉनिटर दोन पोत्यांत घालून, वर प्लास्टिक गुंडाळून एसटीत चढवले.

कंडक्टर म्हणाला, "काय हाय रं पोत्यात?"

"कॉम्प्युटर."

"चालू हाय का बंद?"

"चालू हाय."

"मंग लगेजचं तिकीट काढ. बंद असता तर भंगार म्हणून सोडला असता."

गाडी हसली, मीही हसलो. त्या दिवशी मला कुणीही हसवू शकलं असतं.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. चार टेबलं लावलेली, पाचवं माझं, भिंतीकडेला. समोरच्या बिल्डिंगचे पाच जण आतल्या खोलीत. फ्लॅटमधल्या तिघांपैकी एक अमरावतीचा होता, बोलायला धारदार. माझा मॉनिटर बघून म्हणाला, "अबे, हा टीव्ही कुठून आणला? अँटेना नाही आणला का?"

"खेळ तर बघ त्याचा," मित्र म्हणाला.

पहिला अर्धा तास मी त्यांना खेळ दाखवला. चित्र अडखळत होतं तरी समोरचे एकेक पडत होते. आतल्या खोलीतून ओरडणं यायचं, "कोण आहे हा, कोण आहे?" अमरावतीवाला खुर्चीत उड्या मारत होता. "अबे, सोडू नको, सोडू नको त्याला!" आम्ही पुढं होतो. बरोबर त्या वेळेला मला वास आला. ओळखीचा होता, म्हणून आधी लक्षातच आलं नाही कुठून येतोय ते. मग पडद्यावर हिरवे पट्टे आले, चित्र गोठलं आणि डबा बंद पडला.

पुन्हा चालू केला. पाच मिनिटं चालला, बंद. पुन्हा. बंद. उरलेले चौघे पाच जणांशी खेळले आणि हरले.

समोरचे गेल्यावर अमरावतीवाल्यानं स्क्रूड्रायव्हर घेऊन झाकण उघडलं. आत सगळं काळं, चिकट. कार्डाचा पंखा त्यानं बोटानं फिरवायला बघितला, फिरेना. बोट नाकाशी नेलं.

"अबे, हे काय बे? याच्यात बोंबील भाजले का तू?"

सगळे हसले. मित्रही हसला, मग माझं तोंड बघून थांबला. "हे असं कसं झालं रे?" त्यानं विचारलं. सरळ विचारलं, कळवळ्यानं.

मला खरं सांगता आलं असतं. आमच्याकडे पाऊस असा असतो, घर असं असतं, चूल अशी असते. एका वाक्याचं काम होतं. पण त्या हसण्यापुढं आईची चूल मांडायची माझी तयारी नव्हती.

"दुकानदारानं असलंच दिलं," मी म्हणालो. "फसवलं त्यानं."

मित्र भडकला. पुढच्या शनिवारी सुट्टीच होती त्याला, पण गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून माझ्याबरोबर बुधवार पेठेत आला. मी नको नको म्हणत होतो, ते त्याला माझा भिडस्तपणा वाटला. दुकानात तो अर्धा इंग्रजीत, अर्धा मराठीत बोलला. गावाकडचा माणूस दिसला म्हणून काहीही गळ्यात मारता का, लाज वाटत नाही का. दुकानदारानं कार्ड हातात घेतलं. उलटं केलं. वास घेतला. मग माझ्याकडं बघितलं.

"तुमचं गाव घाटाकडं ना?"

"हो."

"त्याचा इथं काय संबंध?" मित्र म्हणाला.

"न्हाई, इचारलं." त्यानं कार्ड काउंटरवर ठेवलं. आत त्याचं एक गिऱ्हाईक बसलेलं होतं, ते सगळं ऐकत होतं. मला वाटलं, आता बोलणार. बोलला असता तर मी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. तो म्हणाला, "चुकलं माझंच. पंखा बदलून देतो."

स्पिरिट लावून त्यानं कार्ड पुसलं, नवा पंखा बसवला, लावून दाखवला. एक पैसा घेतला नाही. माझ्याकडं पुन्हा बघितलंही नाही. त्याच्या घरीही ताटी असणार, त्यानं वासावरूनच सगळं ओळखलं होतं. आणि तरी माझं खोटं त्यानं गिऱ्हाइकासमोर स्वतःच्या अंगावर घेतलं.

रस्त्यावर आल्यावर मित्रानं माझ्या खांद्यावर हात टाकला. "बघ, असं बोलावं लागतं लोकांशी. तू फार साधा आहेस."

एकट्यानं परत येऊन त्या दुकानदाराला खरं सांगायचं, असं मी तेव्हाच ठरवलं होतं. मी गेलो नाही. पुढं त्या भागात काम निघालं तरी तो बोळ टाळून जायचो.

कार्ड उत्तम चालू लागलं. पुढच्या रविवारसाठी फोन केला तर मित्र जरा चाचरला. वरच्या मजल्यावर एक नवीन आलाय, म्हणाला, त्याच्याकडे लॅपटॉप आहे, आणि तुला एवढं ओझं घेऊन यायचा त्रास. "पण तू ये ना. कुणी जेवायला उठलं की बस त्याच्या जागी." त्यांनी मला कधीच हाकललं नाही. चहा विचारायचे, जेवायला थांबवायचे. तसं वागणाऱ्या माणसांवर रागवायचं तरी कसं?

घरी मी एकटा खेळत राहिलो. त्या गेममध्ये कॉम्प्युटरनंच चालवलेली माणसं असतात, त्यांना मारायचं. ती ठरल्या जागीच येतात. त्यांना टिपायला कळपावरची नजर कशाला लागते! महिनाभरात कंटाळलो. आईनं मध्येच एकदा विचारलं, "आता ठिवत न्हाईस व्हय ताटीवर?" "न्हाई ठिवायचं," मी तिच्यावर खेकसलो. तिनं पुन्हा विचारलं नाही. का खेकसलो हे तिला कळलं नसणार, आणि मी आजवर सांगितलेलं नाही.

भूगावला मात्र जात राहिलो. अभिमानी माणसानं जायला नको होतं, पण गेलो. कुणी उठलं की बसायचो, तो आला की उठायचो. दिवाळीनंतरच्या एका रविवारी असाच भिंतीला टेकून बसलो होतो. अमरावतीवाल्यानं खेळता खेळता विचारलं, "अबे, तुझ्या गावाकडे प्लॉट निघतात का रे? घाटाच्या बाजूला? आम्ही चौघं मिळून बघतोय."

मी म्हणालो, निघतात की.

त्यानं गेम थांबवला. मग बाकीच्यांनीही थांबवला. चारही खुर्च्या माझ्याकडं वळल्या, वरच्या मजल्यावरचा लॅपटॉपवाला उठून मला म्हणाला, "बसा ना, बसा." कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदा एवढी माणसं माझं लक्ष देऊन ऐकत होती, आणि मला बरं वाटत होतं. तो सगळा डोंगर मी मेंढरांमागं पायानं मोजलेला. कुठं वर्षभर पाणी असतं ते सांगितलं. कुठला रस्ता पावसात वाहून जातो, कुठला राहतो, कुठल्या जमिनीवर भावाभावांत भांडण आहे ते सांगितलं. आमच्या शेजारच्या घरात पुढच्या उन्हाळ्यात लग्न आहे आणि त्यांना पैशाची नड आहे, तेही सांगितलं.