दिराला घातलेली हर्बल अंघोळ

माझ्या हातून आजवर एकच माणूस पिवळा झाला आहे, आणि तोही मुलीकडची मंडळी घर बघायला येणार होती नेमक्या त्याच सकाळी.

तो माणूस म्हणजे माझा धाकटा दीर, मकरंद. आम्ही पुण्याहून बंगळूरला येऊन सर्जापूर रोडला स्थिरावलो, तो आमच्याकडेच राहतो आणि बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरशी बोलतो. कॉम्प्युटरशी फार छान बोलतो. मुलीशी बोलायची वेळ आली की त्याला घाम फुटतो आणि तो हवामानावर घसरतो. (बंगळूरच्या हवामानावर बोलण्यासारखं काही नसतंच! ते बरं असतं. विषय तिथेच संपतो.) त्याची बरीच स्थळं अशी हवामानात वाहून गेली होती.

मग वैदेहीचं स्थळ आलं. ती बंगळूरच्याच यशवंतपूरची. घराणं कित्येक पिढ्या इथलंच, मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत डोकावून येणारं. दोघं एकदा कॉफीला भेटले आणि मकरंद घरी येऊन माझ्यासमोर मटकन बसला. "वहिनी, हे बिघडलं ना, तर मी पुन्हा कुणाला भेटणार नाही," म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं हो त्याच्या! माझा जीव तुटला. मुलीकडची मंडळी घर बघायला येतील त्या दिवशी याला शांत ठेवायची जबाबदारी आपली, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. त्याने तसं काहीही सांगितलं नव्हतं.

त्या सुमारास मी घरी साबण करायला शिकले होते. म्हणजे व्हिडिओ बघितले होते. बाजारात साबणाचा तयार गोळा मिळतो, तो वितळवायचा, त्यात हवी ती औषधी पूड घालायची आणि साच्यात ओतायचं. मी कडुलिंब घातला, वाळा घातला आणि हळद घातली. व्हिडिओतली बाई चिमूटभर हळद घालते. चिमटीने कुठे तेज येतं? मी मिसळणाच्या डब्यातली हळदीची अख्खी वाटी उपडी केली! (अंगाला लावायची हळद वेगळी असते, हे मला माहीत होतं. ती संपली होती.)

रविवारी सकाळी बाथरूमची मी अगदी देवघरासारखी सजावट केली. गरम पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या, गवती चहा, वाळ्याची जुडी आणि दाराबाहेर मोबाइलवर बासरी. टब आमच्याकडे नाही, बादली आहे, म्हणून पाटावर बसून सावकाश साबण लाव असं त्याला बजावलं. थोड्या वेळाने आतून तक्रार आली की फेस येत नाहीये. आमच्याकडे टँकरचं जड पाणी, त्यात कसला फेस येतोय! मी बासरीच्या वर आवाज चढवून सांगितलं, रगड. तो बिचारा आज्ञाधारक. त्याने रगडला.

तो बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर कमालीची शांतता होती. चेहरा मात्र कपाळापासून गळ्यापर्यंत पिवळाधमक होता. "फ्रेश दिसतोय ना?" त्याने विचारलं. आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर केली, पुन्हा खाली घातली आणि ते गॅलरीत निघून गेले. त्यांचे खांदे हलत होते.

मकरंदने आरसा बघितला आणि सगळी शांतता पाकळ्यांसकट वाहून गेली. मी घाईघाईने त्याला कपडे धुवायच्या साबणाने घासलं, तर तो लाल झाला! हळदीला खार लागला की तिचं कुंकू होतं. मी केमिस्ट्रीची पदवीधर आहे, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. मग लिंबू चोळलं, तर परत पिवळा. पिवळा झाला म्हणून आम्ही दोघांनी सुटकेचा निःश्वास सोडला, यावरून काय ते समजा.

एरवी यशवंतपूरहून आमच्याकडे यायचं तर माणसाने डबा बांधून निघावं. त्या दिवशी रस्ते मोकळे! मंडळी वेळेच्या आधी दारात हजर. वैदेही, तिचे वडील आणि तिची आत्या. मकरंद नमस्कार करून सोफ्यावर बसला. आत्याबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"अक्का, आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लावतात. तुमच्या पुण्याकडं बघायच्या दिवशीच लावतात काय?"

खरं सांगायची ही सुवर्णसंधी होती. मी म्हणाले, "हो. शुभ म्हणून आमच्यात मुलाला थोडी लावतात."

"थोडी," आत्याबाई मकरंदकडे बघत म्हणाल्या. "मग त्याची उष्टी हळद मुलीला लागायला पाहिजे की. कुठाय? आणा."

काय आणू, मिसळणाचा डबा? त्यातली हळदीची वाटीही रिकामी! मी उठून उगाच उशा सारख्या करू लागले. आणि तेवढ्यात मकरंद बोलला.

"आत्या, पद्धत वगैरे काही नाही. वहिनीने घरी साबण केला. मी बोलताना फार घाबरतो, म्हणून मला शांत करायला. मला वैदेही आवडते आणि मला हे बिघडवायचं नव्हतं."

हवामानाचा एक शब्द नाही! मला भरून आलं. पण वैदेही उठली आणि तिने हळूच बाथरूम कुठे आहे ते विचारलं. संपलं, मी मनात म्हटलं, पोरगी आता तोंडावर पाणी मारणार आणि निघणार. आत नळ बराच वेळ वाहत राहिला. मकरंद पिवळ्याचा पांढरा पडायचा तेवढा बाकी होता.

ती बाहेर आली आणि तिने दोन्ही तळवे आत्याबाईंपुढे धरले. पिवळेजर्द.

"यांच्याच वापरातला साबण आहे, आत्या. लागली उष्टी हळद. आता सरी? झालं ठीक?"

"सरी," आत्याबाई म्हणाल्या आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू त्यांना आवरेना. वडिलांनी हसत हसतच स्वल्प कॉफी मिळेल काय म्हणून विचारलं. मी स्वयंपाकघरात जाऊन आधी पोटभर रडले, मग दूध तापवलं.

पुढे लग्न ठरलं आणि खरी हळद आली. करवली मी होते, वहिनी मी होते, हे सगळं जुळवून आणणारीही (माझ्या मते) मीच. मुलीकडच्यांनी मला मानाची खुर्ची दिली, वर गाद्या-उशा, हातात सरबत. फक्त ती खुर्ची हळदीच्या वाटीपासून हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि मी तिच्यातून उठू नये म्हणून शेजारी स्वतः आत्याबाई बसल्या होत्या.