रणभिसे बाईंनी केलेलं भाषांतर

सुनीता रणभिसे पनवेलच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायच्या. उरलेला वेळ कुणाचा अर्ज लिहून देण्यात, कुणाला दवाखान्यात नेण्यात जायचा. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो. मधल्या सुट्टीत आमचा डबा एकत्र असे. ही हकीकत त्यांनी मला निवृत्तीच्या वर्षी सांगितली.

२००६च्या डिसेंबरात त्यांच्या चर्चच्या ओळखीने कॅनडाहून सातआठ तरुण मुलंमुली आली. काम मिशनचं, पण प्रवचन थोडं आणि फुटबॉल जास्त. खाडीकाठच्या गव्हाण गावात भात कापून रिकाम्या झालेल्या शेतात दोन आठवडे पोरांना खेळवायचं, खेळ संपला की येशूची एखादी गोष्ट सांगायची, केळी वाटायची. गोष्ट मराठीत सांगायला रणभिसे बाई. "पोरांना बाटवायला आलेत," अशी कुरबूर झालीच. पण काशिराम कोळी म्हणाले, "खेलू दे. पोरं हसतात तरी." काशिराम होडीवरचे. त्यांची मोनाली तेव्हा अकरा वर्षांची होती.

गोलकीपर म्हणून उभं राहायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा मोनाली उभी राहिली. त्या चमूतल्या रेचल नावाच्या मुलीने तिला पडायला शिकवलं. कोपर कसं आत घ्यायचं, खांद्यावर कसं यायचं, चेंडू छातीशी कसा धरायचा. पाहुणे गेल्यावरही ही पोर ओहोटीला खाडीच्या चिखलात एकटीच उड्या मारून पडत राहायची. पुढच्या डिसेंबरात रेचल परत आली आणि तिला पाहून बाईंना म्हणाली, "हिच्यात काहीतरी आहे."

त्या दुसऱ्या वर्षीचा निरोपाचा दिवस. मोनाली रेचलचा हात सोडेना. "परत येनार ना? इचारा ना बाई, येनार ना?"

रेचलने इंग्रजीत उत्तर दिलं, अगदी सरळ. माझं शिक्षण संपतंय, पुढचं ठरलेलं नाही. देवाची इच्छा असली तर येईन, पण शब्द देणार नाही.

बाईंनी मोनालीच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "येईन म्हणते. पुढच्या डिसेंबरात नक्की."

मोनालीने डोळे पुसले. रेचलला वाटलं, बाईंनी किती छान समजावलं.

२००८च्या पावसाळ्यानंतर बाईंनीच मोनालीला एका निवड चाचणीला नेलं. पुण्याला मुलींसाठी खेळाचं वसतिगृह होतं. राहणं, शाळा, सराव, सगळं तिथेच. चौदाच्या आतल्या मुली घ्यायचे. मोनालीची निवड झाली. दिवाळीनंतर लगेच हजर व्हायचं होतं.

आठ दिवसांनी काशिराम शाळेच्या फाटकात उभे. "पोरगी ऐकत नाय, बाई. बोलते, रेचलताई येनार, तिला भेटल्याबिगर नाय जानार. तुमी सांगा. ती येनार हाय का नक्की?"

खरं सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. कॅनडाहून पत्र आलं होतं ते एवढंच, की चमू येईल. त्यात कोण असेल ते लिहिलं नव्हतं. बाई मला म्हणाल्या, "मी काशिरामांशी दयेने खोटं बोलले नाही हो. मला डिसेंबरात मोनाली इथे हवी होती. पाहुण्यांना दाखवायला. बघा, आपल्या कामातून काय घडलं, म्हणून."

"येणार आहे," त्या काशिरामांना म्हणाल्या. "वसतिगृहवाल्यांशी मी बोलते. महिनाभर थांबतील."

वसतिगृह थांबलं नाही. जागा पुढच्या नंबरच्या मुलीला गेली. आणि नोव्हेंबरच्या शेवटी मुंबईवर हल्ला झाला. चार दिवसांत कॅनडाहून निरोप आला, यंदा कुणीच येणार नाही. जे येणार होते त्यांची यादीही सोबत होती. तिच्यात रेचलचं नाव मुळातच नव्हतं.

बाई दुसऱ्या दिवशी गव्हाणला गेल्या. समुद्रावर तपासणी वाढली होती, काशिराम घरीच होते. मोनाली ओट्यावर बोंबील निवडत होती. बाईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं. रेचल काय बोलली होती आणि आपण काय सांगितलं, तेही.

मोनालीचे हात थांबले. "म्हंजे ती बोललीच नव्हती?"

"नाही."

"मंग मी कोनासाठी थांबली?"

काशिराम म्हणाले, "तुमी देवाच्या कामाला येता, म्हनून आमी परत इचारलं नाय." आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं, असं बाई म्हणाल्या.

पुढच्या वर्षी बाईंनी पुण्याला खेटे घातले, पण वय उलटलं होतं. दर रविवारी दुपारी त्या एकट्या चेंडू घेऊन त्या शेतात जात राहिल्या. गोष्ट नाही, केळी नाहीत, नुसता खेळ. पोरं यायची. मोनाली आली नाही. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न जासईला झालं. पत्रिका बाईंना आली नाही, तरी त्या गेल्या, मागच्या रांगेत जेवल्या आणि परतल्या.

त्याआधी, २०१२ला नवा चमू आला, तेव्हा पास्टरसाहेबांनी भाषांतराला बाईंनाच बोलावलं. त्या म्हणाल्या, "दुसरं काहीही सांगा." दोन आठवडे त्यांनी पोरांना पाणी वाढलं.

एकदा पनवेलच्या बाजारात मोनाली भेटली होती. कडेवर मुलगी, हातात मासळीची टोपली. बाईंनी विचारलं, "बरी आहेस?"

"बरी हाय." मग मुलीला म्हणाली, "बाईंना टाटा कर."

मुलीने हात हलवला. मोनाली गर्दीतून पुढे गेली.

"तिने माफ केलं असेल तुम्हाला," मी म्हणालो.

"तुम्ही नका तिच्या वतीने बोलू," बाई म्हणाल्या, आणि डबा आवरायला लागल्या.